किल्ल्यातील चिमण्या आणि आप्पांची रात्र

साठीपुढच्या रुग्णांच्या झोपेविषयी दवाखान्यात ज्या तक्रारी ऐकू येतात, त्या मुख्यतः दोन. पहिली स्वतः रुग्णाची : "पहाटे तीनला डोळा उघडतो, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहत पडायचे." दुसरी सूनबाईंची किंवा मुलाची : "आप्पा दिवसभर खुर्चीत पेंगतात आणि रात्री साऱ्या घराला जागवतात. डॉक्टर, काहीतरी गोळी द्या." या दुसऱ्या तक्रारीमागचा थकवा खरा असतो. अशा वेळी रुग्णाच्या आधी सेवा करणाऱ्याचाच रक्तदाब मोजावा असे मला वाटते, आणि पुष्कळदा मी तो मोजतोही.

गोळीचा विचार लेखाच्या शेवटी करू. त्याआधी वाचकांना थोडे पक्ष्यांकडे न्यावयाचे आहे. आरोग्याच्या पाक्षिकात पक्षी कशाला, असे कोणी विचारील. माणसाच्या शरीरातील घड्याळाविषयी आज जे ज्ञान आपल्या हाती आहे, त्यातील बराच भाग आधी पक्ष्यांनी शिकविला आहे, आणि त्या पक्ष्यांत आपली अंगणातली चिमणी अग्रभागी आहे.

चिमणीचा एक प्रसंग तर आपल्या नगरच्याच इतिहासातला आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले, हे आपण शाळेत शिकलो. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु त्याच किल्ल्यात असलेल्या मौलाना अबुल कलाम आझाद यांनी उर्दूत जी पत्रे लिहिली, त्यांत चिमण्यांच्या सहवासाची हकिगत सविस्तर आली आहे, हे नगरकरांतही थोड्यांनाच ठाऊक असते. ती पत्रे धाडण्याची सोय नव्हती. ती लेखकापाशीच राहिली आणि १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी संसार थाटले होते. काडीकचरा खाली पडे, चिवचिवाटाने लेखनात व्यत्यय येई. त्यांनी प्रथम युद्ध पुकारले आणि चिमण्यांना हाकलून पाहिले. चिमण्या काही हटल्या नाहीत. मग तह झाला. तांदळाचे दाणे टाकले जाऊ लागले, अंतर रोज थोडे कमी होत गेले आणि अखेर त्या मौलानांच्या हातावरचे दाणे टिपू लागल्या. त्यांनी त्यांना नावेही दिली. एका धीट चिमण्याला 'कलंदर', एका चिमणीला 'मोती'. ही हकिगत मार्च १९४३ ची. पुढच्याच महिन्यात कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले, आणि अखेरच्या भेटीसाठी त्यांना जाता आले नाही.

मौलाना त्या वेळी चौपन्न वर्षांचे होते, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच्या आसपासचे. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठावे, आपल्या हाताने चिनी चहा करावा आणि त्या शांततेत लिहीत बसावे, असा त्यांचा परिपाठ होता. आज असा गृहस्थ दवाखान्यात आला तर 'निद्रानाश' असा शिक्का मारण्याची घाई आपण डॉक्टर मंडळी करू. वस्तुतः लवकर निजून लवकर उठणारा माणूस आजारी नसतो. त्याचे घड्याळ थोडे पुढे लावलेले असते, इतकेच. वयपरत्वे बहुतेकांचे घड्याळ असे पुढे सरकते. रात्री आठलाच डोळे जड झाले, तर पहाटे तीनपर्यंत सात तास भरले. मग तक्रार कशाची? पहाटे तीनच्या जागेची तक्रार घेऊन आलेल्यांना मी प्रथम विचारतो की आपण निजता केव्हा. निम्म्यांची तक्रार या प्रश्नापाशीच हलकी होते.

किल्ल्यातल्या त्या चिमणीच्याच जातीने पुढे वीस-पंचवीस वर्षांनी शास्त्रज्ञांना एक मोठे गुपित सांगितले. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात मायकेल मेनाकर नावाचे संशोधक चिमण्यांवर प्रयोग करीत होते. एकेका पिंजऱ्यात एकेक चिमणी. तिच्या बसावयाच्या दांडीला एक खटका जोडलेला, म्हणजे तिने उडी मारली की नोंद व्हावी. मग पिंजरा अखंड अंधारात ठेवावयाचा. सूर्य नाही, दिवा नाही, वेळ समजण्याचे काही साधन नाही. तरीही चिमणी जणू सकाळ झाल्यासारखी उड्या मारू लागे आणि काही तासांनी जणू रात्र झाल्यासारखी निजे. हे चक्र जवळपास चोवीस तासांचे असे, पण अगदी चोवीसचे नसे. त्यामुळे बाहेरच्या दिवसाशी त्याचा मेळ हळूहळू तुटत जाई. याचा अर्थ असा, की घड्याळ पक्ष्याच्या शरीरातच आहे. मात्र ते रोज थोडे चुकते आणि रोज कोणीतरी ते लावावे लागते. जुन्या किल्लीच्या घड्याळांना घरातील वडीलधारे रोज रेडिओच्या ठोक्यांवर लावीत, तसेच हे.

१९६८ मध्ये याच प्रयोगशाळेत दिसून आले, की मेंदूतील पिनियल ही इवलीशी ग्रंथी काढून टाकली तर अंधारातील चिमणीची लय मोडते. ती वाटेल तेव्हा उड्या मारते, वाटेल तेव्हा थांबते. १९७९ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट घडली. अशा लय हरपलेल्या चिमणीच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत दुसऱ्या चिमणीची पिनियल ग्रंथी बसविली, तेव्हा लय परत आली, आणि तीही ज्या चिमणीची ग्रंथी घेतली होती तिच्या वेळेबरहुकूम! जणू एका घरातील घड्याळ काढून दुसऱ्याच्या भिंतीवर टांगावे आणि त्याने जुन्या घराचीच वेळ दाखवावी.

माणसात ही रचना थोडी वेगळी आहे. आपले मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा पेशींच्या दोन पुंजक्यांत. पिनियल ग्रंथी आपल्याकडेही आहे, पण ती या घड्याळाच्या हुकमाने चालते आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचा स्राव रक्तात सोडून साऱ्या शरीराला 'रात्र झाली' अशी दवंडी देते. आणखी एक भेद महत्त्वाचा. चिमणीला डोळे नसले तरी प्रकाश तिच्या कवटीतून आत पोचतो आणि तिचे घड्याळ लागते. माणसाला ही सवलत नाही. आपले घड्याळ फक्त डोळ्यांच्या वाटेने लागते. म्हणूनच ज्यांना प्रकाशाची जाणीवच उरलेली नाही अशा अंध व्यक्तींपैकी अनेकांची झोप दर काही आठवड्यांनी दिवसात शिरते आणि पुन्हा रात्रीत येते. म्हणूनच मोतीबिंदू ही केवळ वाचनाची अडचण नव्हे. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होते आणि घड्याळाला हवा असणारा निळसर प्रकाश त्यातून पूर्वीपेक्षा बराच कमी आत जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर "आता झोपही बरी लागते" असे सांगणारे रुग्ण मला भेटले आहेत, आणि त्यात मला नवल वाटत नाही.

प्रकाशाची गोष्ट एवढी झाली. पण मेनाकर यांच्या चिमण्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि आजचा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. १९६६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने चिमण्यांना अखंड मंद उजेडात ठेवले, म्हणजे वेळ कळावयास प्रकाशाचा उपयोग नव्हता. मग रोज ठरावीक तास त्यांना चिमण्यांच्या किलबिलाटाचे ध्वनिमुद्रण ऐकविले. काही चिमण्यांची घड्याळे त्या आवाजाशी जुळली. किलबिल ऐकू येते तो आपला दिवस, असे त्यांच्या शरीराने ठरविले. त्याच वर्षी जर्मनीत एबरहार्ट ग्विनर यांनाही दुसऱ्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत असेच आढळले. साऱ्याच पक्ष्यांवर हा परिणाम झाला नाही आणि प्रकाशाइतका तो बलवानही नाही. तरीही तो आहे. सजातीयांचा आवाज हीदेखील घड्याळाची किल्ली आहे.

आपल्या देशातही याच्या जवळचे एक सुंदर काम झाले आहे. पक्ष्यांवर नव्हे, वटवाघळांवर. मदुराई येथील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खऱ्याखुऱ्या गुहेच्या गडद अंधारात काही वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली. बाकीची मोकळी होती. ती सांज होताच बाहेर उडत आणि पहाटे परतत. पिंजऱ्यातल्यांना सूर्य दिसत नव्हता, पण सोबत्यांच्या जाण्यायेण्यावरून त्यांची लय बाहेरच्या दिवसाशी जुळून राहिली. सोबत नसलेल्यांची लय मात्र सुटली. हे संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मला ते वाचताना माजघरातल्या अंधाऱ्या खोलीत अंथरुणाला खिळलेली माणसे आठवतात, ज्यांना दिवसाची वेळ उन्हावरून कळत नाही. ती कळते भांड्यांच्या आवाजावरून, शाळेला निघालेल्या नातवाच्या दप्तराच्या धांदलीवरून, उंबऱ्याशी होणाऱ्या चपलांच्या आवाजावरून.

माणसाच्या बाबतीत संगत आणि प्रकाश यांत थोर कोण, याचा वाद शास्त्रज्ञांत बराच काळ चालला. जर्मनीत युर्गन आशॉफ यांनी स्वयंसेवकांना जमिनीखालच्या बंद खोल्यांत आठवडेच्या आठवडे ठेवून पाहिले. १९७१ च्या सुमारास त्यांचे मत असे होते, की माणसाला इतर माणसांचे वेळापत्रकच अधिक बांधून ठेवते. १९८० नंतर मात्र प्रखर प्रकाशाचा प्रभाव निर्विवादपणे सिद्ध झाला, आणि आज प्रकाशाला पहिला मान आहे. माझ्यासारख्या सामान्य वैद्याला या वादातील जय-पराजयापेक्षा एक वेगळीच गोष्ट दिसते. घरातील वृद्धाच्या आयुष्यातून या दोन्ही किल्ल्या बहुधा एकदमच काढून घेतल्या जातात. गुडघे दुखतात म्हणून अंगणात जाणे बंद होते आणि त्याच कारणाने पारावर जाणेही बंद होते. ऊनही गेले, माणसेही गेली.

कोंबड्याची गोष्ट येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवून दिले गेले, की कोंबडा उजाडले म्हणून आरवतो असे नाही. अखंड मंद उजेडात ठेवले तरी तो आपल्या आतल्या घड्याळाने पहाटे बांग देतो. २०१५ मध्ये त्याच गटाने आणखी एक गंमत नोंदविली. कळपात आधी आरवण्याचा मान सर्वांत वरच्या पायरीवरच्या कोंबड्याचा असतो. बाकीचे आपापल्या दर्जाच्या क्रमाने त्याच्या मागून आरवतात. थोरल्याची वेळ ती सर्वांची वेळ! खेड्यात वाढलेल्यांना हे निराळे सांगावयास नको, फक्त कोंबड्यांऐवजी घर डोळ्यांसमोर आणावे. पहाटे सर्वांत आधी उठणारे आजोबा, त्यांच्या खाकरण्याने जागी होणारी आजी, मग जात्याची घरघर, मग गोठा, मग चूल. घराची वेळ थोरल्यांच्या उठण्यावर लागत असे. आज आजोबा पहाटे चारला उठतात तेव्हा त्यांच्या मागून कोणीच उठत नाही. उलट, "आप्पा, दिवा बंद करा, आम्हाला सकाळी ड्यूटी आहे," असा आवाज आतल्या खोलीतून येतो. यात सूनबाईंचा दोष नाही; तिची रात्र अकराला सुरू झालेली असते. पण आप्पांना त्या क्षणी काय वाटत असेल, याचा विचार करून पाहावा.

पक्ष्यांच्या घड्याळाला रोजच्या काट्याबरोबर वर्षाचाही काटा असतो. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात, कडाक्याच्या हिवाळ्यात, पिंजऱ्यातल्या छोट्या पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवून दाखविला. बाहेर बर्फ असताना त्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. हे तत्त्व आपल्या जिल्ह्यातील अंड्यांचा कुक्कुटपालन करणारा प्रत्येक शेतकरी रोज वापरतो. शेडमध्ये दिवे लावून दिवस सोळा तासांचा केला जातो, तो याच कारणाने. सुगरणीचे विणकामही काळवेळ पाहून पावसाळ्यात चालते. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर नरांची वसाहतच एकत्र विणायला बसते, आणि मादी अर्धवट विणलेली घरटी पारखून मगच घर निवडते. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याचा जो अभ्यास केला, तो आजही वाचावा असा आहे. पण तो विषय मोठा आहे. येथे मला स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची एकच गोष्ट हवी आहे.

आपल्या शेवगाव-नेवाशाच्या बाजूला जायकवाडीचा फुगवटा, नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत तेथे उत्तरेकडून करकोचे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. अशा प्रवासी जातींतला एखादा लहान पक्षी पिंजऱ्यात ठेवला, त्याला भरपूर दाणापाणी दिले, तरी प्रवासाचा हंगाम आला की तो रात्री अस्वस्थ होतो. एरवी रात्री स्वस्थ निजणारा तो जीव पिंजऱ्यात फडफडत राहतो, दांडीवरून दांडीवर उड्या मारतो. त्याला कोणी त्रास दिलेला नसतो, त्याला काही कमी नसते. आतली वेळ त्याला 'नीघ' म्हणत असते. जर्मन संशोधकांनी या अस्वस्थतेला एक खास शब्दच योजला आहे, ज्याचा अर्थ 'निघण्याची तगमग' असा होईल.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची सेवा करणाऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. कातरवेळ झाली की आजी उठतात, पदर सावरतात, दाराची कडी चाचपतात. "मला घरी जायचंय." "आई, हे आपलंच घर आहे." "नाही, माझ्या घरी." कोणाला पंचेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेले माहेर आठवते, कोणाला बुडितात गेलेले गाव. पक्ष्याची तगमग आणि ही घालमेल यांचे कारण एक नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पक्ष्याचे घड्याळ चोख चालत असते म्हणून तो फडफडतो. आजींचे घड्याळ रोगाने क्षीण झालेले असते, त्यात दिवसभराचा थकवा आणि अंधुक सावल्यांचे भय मिसळते. साम्य एवढेच, की दोघेही हट्टाने तसे करीत नाहीत. "मुद्दाम करतात, डॉक्टर," हे वाक्य मी अनेक थकलेल्या तोंडांतून ऐकले आहे. ते मुद्दाम नसते. अशा वेळी वाद घालू नये. "जाऊ या, आधी चहा घेऊ" असे म्हणून हात धरावा, ओसरीवर चार फेऱ्या माराव्यात. आणि अंधार पडण्याच्या आधीच, पाच-साडेपाचलाच, घरातले दिवे चांगले उजळावेत, म्हणजे सावल्या पडत नाहीत.

नाथसागरावर पक्षी उतरू लागतात त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातून माणसांचे थवे बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांच्या वाटेला लागतात ते उन्हाळ्यापर्यंत. वाड्यावस्त्यांवर मागे उरतात ती म्हातारी माणसे, आणि त्यांच्या जिवावर सोडलेली काही शाळकरी नातवंडे. अशाच एका वस्तीवरच्या सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई दरवर्षी थंडीत झोप उडाल्याची तक्रार घेऊन येत. उन्हाळ्यात त्यांना विचारले तर म्हणत, "आता काय, सगळी आलीत. झोप लागती." त्यांच्या कागदावर 'हंगामी निद्रानाश' असे लिहिता आले असते. मला वाटते, त्यांच्या घराची वेळ लावणारी माणसे गेलेली असत. यात कारखान्यांचे, मुकादमांचे, पावसाचे, शेतीचे किती प्रश्न गुंतले आहेत हे मी जाणतो, आणि त्यांपैकी एकही माझ्या दवाखान्यात सुटण्यासारखा नाही. शेजारच्या दोन घरांतल्या उरलेल्या दोघी म्हाताऱ्यांनी सकाळचा चहा एकत्र, एकाच चुलीवर, एकाच वेळेला घ्यावा, एवढे मात्र मी सुचविले होते. त्यांनी ते केले. थंडीतली तक्रार संपली नाही, पण गोळीची मागणी थांबली.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. सकाळी अर्धा-पाऊण तास उजेडात बसणे हा पहिला उपाय, आणि उजेड म्हणजे बाहेरचा उजेड. खोलीतील ट्यूबलाइटचा उजेड एक-दोनशे लक्स, फार तर तीनशे; ढगाळ दिवशीही अंगणात तो काही हजार असतो आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक तेवढा भासत नाही, घड्याळाला भासतो. थेट उन्हात बसण्याची गरज नाही. ओसरी, गॅलरी, झाडाची सावली पुरे. नगरच्या उन्हाळ्यात तर आठच्या आत उरकावे. चालता न येणाऱ्यांची खाट किंवा खुर्ची सकाळी खिडकीपाशी सरकवावी.

मात्र जे रात्री आठलाच पेंगतात आणि तीनला जागे होतात, त्यांच्यासाठी औषध उलटे आहे. त्यांनी सायंकाळचा उजेड घ्यावा. पाच ते साडेसहा बाहेर फिरावे, गप्पा माराव्यात, आणि पहाटे जाग आली तरी लगेच झगझगीत दिवा लावू नये. असे केल्याने घड्याळ हळूहळू मागे सरकते. दोन्ही प्रकारच्या मंडळींनी दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर आणि तीनच्या पुढे नेऊ नये. दूरदर्शन संच दिवसभर चालू ठेवणे म्हणजे संगत नव्हे. त्याच्यासमोर माणूस पेंगतो आणि रात्रीची झोप दिवसाच उधळून टाकतो.

संगतीची वेळ औषधाच्या वेळेसारखी पाळावी. सकाळचा चहा कोणा एकाने तरी रोज त्याच वेळी आप्पांबरोबर घ्यावा. मुलगा पुण्यात असेल तर त्याचा फोन 'वेळ मिळेल तेव्हा' येण्यापेक्षा रोज साडेसातला, चार मिनिटांचा का होईना, आलेला बरा. देवळातील हरिपाठ, दर्ग्याच्या किंवा चर्चच्या आवारातील ओळखीची मंडळी, पारावरची बैठक, काहीही चालेल. फक्त ती ठरल्या वेळी असावी आणि तेथे जाण्यासाठी अंगावर बरे कपडे चढवावे लागावेत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खिडकीत पाण्याचे भांडे आणि मूठभर बाजरी ठेवावी. चिमण्या आल्या तर उत्तम, साळुंक्या आल्या तरी चालतील. दाणे टाकण्याचे काम मात्र आप्पांनाच द्यावे.

रात्री अंधार खरा अंधार असू द्यावा. शौचालयाच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा पुरे. वाटेतील पायपुसणी आणि सतरंजीची टोके आधी हलवावीत, कारण वृद्धांची हाडे बहुधा याच वाटेवर मोडतात. रक्तदाबाची किंवा सुजेची लघवी वाढविणारी गोळी रात्री चालू असेल, तर तिची वेळ बदलता येईल का हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रोस्टेटचा त्रास, सांध्यांचे दुखणे, मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकणे, मनाची उदासी, ही सारी झोप मोडणारी आणि उपचार होणारी कारणे आहेत. घड्याळाच्या नावाखाली त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. कालपर्यंत बरे असलेले आप्पा जर एक-दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागले, रात्री कोणी दिसते म्हणू लागले, माणसे ओळखेनासे झाले किंवा उलट अगदी गुंगीत राहू लागले, तर ते वय नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर उतरणे, नवीन सुरू केलेली एखादी गोळी, असे काहीतरी त्यामागे असते. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये.

आता गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांनी झोप लागते, हे खरे. पण उतारवयात त्या शरीरात रेंगाळतात. सकाळी तोल जातो, स्मृती मंदावते, आणि खुब्याचे हाड मोडून आलेल्या रुग्णाच्या पिशवीत अशी पट्टी सापडणे हा अनुभव प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचा आहे. सर्दीच्या, खाजेच्या जुन्या गोळ्या 'झोप येते' म्हणून घेणे तर त्याहून वाईट. त्यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो. मात्र ज्यांना या गोळ्या कित्येक महिने किंवा वर्षे चालू आहेत, त्यांनी हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नयेत. एकदम बंद केल्यास झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

मेलाटोनिनच्या गोळ्या आता औषधाच्या दुकानांत सहज दिसतात. त्यांच्याविषयी एका डच संशोधनाचा दाखला देतो. तेथील १२ वृद्धनिवासांत, मुख्यतः स्मृतिभ्रंश असलेल्या १८९ रहिवाशांवर, दीर्घकाळ तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवाणखान्यात दिवसभर प्रखर उजेड ठेवल्याने बुद्धीची घसरण किंचित मंदावली आणि उदासीची लक्षणे कमी झाली. मेलाटोनिनने झोप थोडी सुधारली, पण नुसते मेलाटोनिन घेणाऱ्यांची मनःस्थिती खालावली. प्रखर उजेडाची जोड असताना तसे झाले नाही. लाभ मोठे नव्हते. पण उजेड ज्या किमतीत मिळतो, ती पाहता मला ते पुरेसे वाटतात.

तेव्हा डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायला जाण्यापूर्वी पुढील अंक येईपर्यंतचे पंधरा दिवस एक वही ठेवावी. तारीख, केव्हा निजले, केव्हा उठले, दिवसा किती वेळ पेंगले, किती वेळ बाहेरच्या उजेडात होते, आणि शेवटचा रकाना, दिवसभरात कोणाकोणाशी बोलणे झाले. हा शेवटचा रकाना भरताना आप्पांनाच विचारून भरावा. त्यांना आठवत नसेल तर तसे लिहावे. ती वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास त्यांचे आणि आपले निम्मे काम झालेले असेल.